कोकणात राहून कन्सल्टिंगची कामं कशी मिळवायची

दर दोन-तीन महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतो. बहुतेक लोटे नाहीतर महाडच्या प्लांटमधला माणूस, १५-२० वर्षं एकाच गेटमधून आत-बाहेर केलेला, आता कंटाळलाय किंवा कंपनीने कंटाळा आणलाय, आणि स्वतःचं काहीतरी करायचंय. प्रश्न सगळ्यांचा एकच, काम मिळतं कुठून? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी पाण्याचं काम करतो, म्हणजे ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी साफ करायचा प्लांट), थोडंफार बॉयलरचं फीड वॉटर आणि कूलिंग टॉवर. तुमची लाइन इलेक्ट्रिकल असेल, क्वालिटी असेल, फूड असेल, पण काम मिळवायची रीत फारशी वेगळी नाही.

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करतो. नोकरी सोडल्यावर पहिलं काम काय केलं तर कार्डं छापली, 'एन्व्हायर्नमेंट अँड युटिलिटी कन्सल्टंट', चकचकीत, आणि चार महिने वाटत फिरलो. एक काम नाही. मग कुडाळ एमआयडीसीत एका कोकम सरबतवाल्या मालकाने ते कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "माका कन्सल्टंट नको रे बाबा, माका पाणी साफ व्हया." परत येताना गाडीत तेच डोक्यात घोळत होतं. त्याला माझी पदवी नको होती, अनुभवाची वर्षंही नको होती, त्याच्या टाकीतलं पाणी काळं होतं आणि शेजारच्या वाडीतली माणसं येऊन भांडत होती, एवढाच त्याचा विषय. मग मी नवीन कार्ड छापलं, त्यावर मराठीत मोठ्या अक्षरात, 'ईटीपीचं पाणी काळं पडतंय? वास मारतोय? येऊन बघतो', आणि खाली नाव आणि नंबर. लोक हसले, एका मित्राने तर विचारलं की जादूटोणा पण करतोस का, पण फोन यायला लागले ते त्या कार्डावरच.

तर पहिलं काम हे, तुमची एक डोकेदुखी ठरवा. म्हणजे दुसऱ्याची, जी तुम्ही घालवू शकता ती. कशी ओळखायची? नोकरीत असताना रात्री अडीच वाजता शिफ्टवाला तुम्हालाच फोन का करायचा ते आठवा. दुसरा कोणी चालला नसता असं कुठलं काम होतं? बॉयलरची ट्यूब सारखी लीक व्हायची तेव्हा? चिलर ट्रिप झाला की? ऑडिटवाले यायच्या आदल्या रात्री कागद जुळवायला? तेच तुमचं दुकान. बाकीचं सगळं येत असलं तरी पहिल्या वर्षी बोलू नका, कारण 'मी सगळंच करतो' म्हटलं की ऐकणाऱ्याला तुम्ही कधी आठवायचे तेच कळत नाही.

आणि कुठली कामं एकट्याने घेता येत नाहीत ते पण आधीच बघून घ्या. पर्यावरण परवानगीसाठी जो ईआयए (पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा) रिपोर्ट लागतो तो नॅबेट या मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेनेच करायचा असतो, एनर्जी ऑडिटला बीईई म्हणजे केंद्राच्या ऊर्जा बचतीच्या संस्थेची परीक्षा पास केलेला ऑडिटर लागतो, पाण्याचे सॅम्पल रिपोर्ट मान्यताप्राप्त लॅबचेच चालतात. अशा कामात त्या संस्थेच्या हाताखाली तुमच्या भागापुरतं काम घेता येतं, साइटवर जाऊन डेटा गोळा करणं वगैरे, आणि पुण्या-मुंबईच्या संस्थांना कोकणात जाऊन उभा राहणारा माणूस हवाच असतो.

आता काम देतो कोण. तुम्हाला वाटेल मालक, किंवा प्लांट हेड. शेवटी सही त्यांचीच असते, पण तुमचं नाव त्यांच्यापर्यंत नेणारी माणसं वेगळी. माझी पहिली आठ कामं कशी आली ते वहीत लिहून ठेवलंय: तीन जुन्या शिफ्टमधल्या पोरांकडून, जी आता लोटे सोडून खडपोली, मिरजोळे, रोह्याला धाटाव अशी पसरलीत, दोन मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून, एक केमिकल डीलरकडून, एक सीएकडून, आणि एक चक्क नातेवाइकांच्या लग्नात. वेबसाइटवरून शून्य. रिवाइंडिंगवाल्याला कमी समजू नका, ज्या प्लांटचा ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं मशीन) वर्षात तीनदा जळतो तिथे ईटीपीची काय अवस्था असणार हे त्याला मॅनेजरच्या आधी कळतं. लॅबचा सॅम्पल न्यायला येणारा मुलगा पण तसाच, पण त्याच्याकडे कोणाचे रिपोर्ट मागू नका हां, त्याची नोकरी जाईल आणि तुमचं नावही. "कोणी विचारलं तर माझा नंबर दे" एवढंच सांगून ठेवायचं, आणि चहा पाजायचा. आणि जुन्या कंपनीच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये सोडल्यावर अमुक काळ तमुक करायचं नाही असं काही लिहिलंय का ते फोन करायच्या आधी वाचा, बहुतेकांनी ते लेटर जॉइन झाल्या दिवसानंतर उघडलेलंच नसतं.

फोन-मेसेज कसा करायचा यावर पण अडतात लोक. पाच पानांचा प्रोफाइल पीडीएफ पाठवतात, अर्ध्या ठिकाणी रेंज नाही, उघडतं कोण? मी असा मेसेज टाकतो, "नमस्कार साहेब, लोट्यात १६ वर्षं ईटीपी सांभाळला, आता स्वतंत्र काम करतो. सीझनच्या आधी तुमची एरेशन टँक एकदा बघून देतो, तासाभराचं काम आहे. पुढच्या मंगळवारी रत्नागिरीत आहे, ११ वाजता आलो तर चालेल का?" (एरेशन टँक म्हणजे ईटीपीतली ती टाकी, जिथे हवा सोडून जिवाणूंकडून पाणी साफ करून घेतात.) मेसेजमध्ये विचारलेलं एकच आहे आणि उत्तर हो किंवा नाही. 'काही काम असल्यास कळवावे' असं लिहिलंत की समोरचा कळवत नाही, कारण काम आहे की नाही हे शोधायचं ओझं तुम्ही त्याच्यावर टाकलं.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो, जे पुण्यातले लोक सांगणार नाहीत कारण त्यांना गरज नाही. कोकणात काम मागायला पण मुहूर्त लागतो.

आंब्याची कॅनिंग फॅक्टरी घ्या. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत पल्प चालू, ट्रक रांगेत, मालक झोपलेला नसतो, तेव्हा तुम्ही गेटवर जाऊन 'सर ईटीपी' म्हटलंत तर वॉचमनच परत पाठवेल. जानेवारी-फेब्रुवारीत जा. कारण नऊ-दहा महिने प्लांट बंद राहिला की टाकीतले जिवाणू उपाशी मरतात, आणि सीझनच्या पहिल्या दिवशी त्या मेलेल्या टाकीवर एकदम साखरेचं पाणी येऊन आदळतं. मग वास, फेस, आणि बोर्डाची, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाची, नोटीस. टाकी जिवंत करायला तीन-चार आठवडे जातात, दुसऱ्या चालू प्लांटमधला गाळ आणून टाका, नाहीतर शेणाचा काला, आणि फळांच्या पाण्यात नायट्रोजन कमी म्हणून युरिया-डीएपी, साधारण बीओडी (पाण्यातली घाण मोजायचं माप) १०० तर नायट्रोजन ५ आणि फॉस्फरस १ असा हिशोब. म्हणजे मार्चच्या सुरुवातीला काम सुरू व्हायला हवं, म्हणजे पीओ (परचेस ऑर्डर) फेब्रुवारीत, म्हणजे पहिली भेट जानेवारीत. असं उलटं मोजत यायचं.

मासेवाल्यांचं बरोबर उलट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी, मासळी नाही, फ्रीझिंग आणि सुरिमीचे (माशाच्या लगद्याचे) प्लांट मोकळे, सगळं मेंटेनन्स तेव्हाच. रेफ्रिजरेशनवाल्या मित्रांनो, तुमचं वर्षाचं पोट या ६१ दिवसांवर आहे, पण बजेट एप्रिल-मेमध्ये ठरतं, जूनमध्ये गेलात तर दुसरा कोणीतरी आत स्पॅनर घेऊन बसलेला असतो.

केमिकलवाले बारा महिने चालू, पण त्यांचंही आहे. मेमध्ये पावसाचं पाणी ईटीपीत शिरणार नाही ना याची भीती असते, गटारं वेगळी केलीत का, बंड (टाक्यांभोवतीचा बांध) फुटलाय का, हे बघून द्यायचं काम तेव्हा मिळतं. ३० जूनच्या आत घातक कचऱ्याचं वार्षिक रिटर्न म्हणजे फॉर्म ४, ३० सप्टेंबरच्या आत एन्व्हायर्नमेंट स्टेटमेंट म्हणजे फॉर्म ५. छोट्या युनिटमध्ये हे भरणारा माणूसच नसतो, आणि सप्टेंबरच्या आसपास गणपती येतात म्हणजे सगळे घाईत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फोन करून 'फॉर्म ५ चं काय केलंत?' एवढंच विचारा. या फॉर्मचे पैसे फार नसतात पण त्यासाठी वर्षभराचे पाण्याचे, कचऱ्याचे, केमिकलचे आकडे तुमच्या हातात येतात, आणि आकडे बघितले की पुढची तीन कामं दिसतात.

काही कामं सांगून येत नाहीत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण-खेर्डीत घुसलं, पॅनल, मोटरी, सगळं चिखलात. अशा वेळी दर वाढवून सांगणारे होते, आणि 'आधी पॅनल सुकवू, पैशाचं नंतर बघू' म्हणणारे पण होते, चिपळूणवाले दोघांनाही विसरलेले नाहीत.

गणपतीबद्दल अजून एक. त्या दिवसांत काम मागू नका, कोणी कामाच्या मूडमध्ये नसतं, शिमग्यात पण तेच. पण चाकरमानी गावाला येतात, आणि त्यात कोण ठाण्याला एखाद्या कंपनीत पर्चेसला असतो, कोण तळोज्याला प्लांट मॅनेजर. आरतीला घरोघर फिरताना हे सगळे खळ्यात खुर्च्या टाकून बसलेले असतात. तिथे कार्ड काढायचं नाही, मोदक खायचे, कुठे असतोस काय करतोस एवढं बोलायचं, आणि ते मुंबईला पोचल्यावर आठवड्याने फोन. मला तळोज्याचं काम असंच मिळालं.

पहिल्या भेटीला काय करायचं. मी बॅगेत एक लिटरचा मेजरिंग सिलिंडर, पीएच पेपर, टॉर्च आणि जुना टॉवेल घेऊन जातो. लॅपटॉप नाही. रत्नागिरीजवळच्या एका कॅनिंग युनिटमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा मालक ऑफिसात बसवून विचारायला लागले, कुठे कुठे काम केलंय, रेट काय. मी म्हटलं, आधी टाकी बघू. एरेशन टँकमधलं पाणी बादलीने काढलं, सिलिंडर भरला, भिंतीच्या कठड्यावर ठेवला आणि मोबाइलवर अर्ध्या तासाचा टायमर लावला. ही तीस मिनिटांची टेस्ट कुठलाही ईटीपीवाला ओळखतो, गाळ खाली किती बसतो ते बघायचं. चांगल्या टाकीत गाळ तपकिरी, ओल्या मातीसारखा वास, हळूहळू बसतो, २०० ते ३०० एमएलच्या आसपास येतो आणि वरचं पाणी नितळ. इथे दहा मिनिटात सगळं बसलं, जेमतेम ४० एमएल, काळं, आणि वरचं पाणी तसंच गढूळ, वास सडक्या अंड्याचा. मालक पण कठड्याला टेकून बघत उभे राहिले, मी काही बोललो नाही. वीस मिनिटांनी त्यांनीच विचारलं, "हे असं असायला नको ना?" मी म्हटलं, नको, टाकीत हवा पुरत नाहीये आणि जिवाणू जवळजवळ संपलेत, तुमचे दोनपैकी एकाच ब्लोअरची हवा येतेय, दुसऱ्याचा बेल्ट बघा आजच. बेल्ट खरंच तुटलेला होता. रेटचं बोलणं नंतर पाच मिनिटात झालं.

तुमच्या लाइनमध्ये सिलिंडरच्या जागी काय ते शोधून काढा. इलेक्ट्रिकलवाल्याने लाइट बिल मागावं आणि पॉवर फॅक्टरवर बोट ठेवावं. फूडवाल्याने लेबलवर.

पण पहिल्या भेटीत किती सांगायचं हा तिढा आहे. मी सुरुवातीला सगळं सांगायचो, डोस किती, गाळ कुठून आणायचा, सगळं, आणि महिन्याने कळायचं की ऑपरेटरने ते करून पण टाकलं आणि मला कोणी बोलावलं नाही. मग एकदम घट्ट झालो, तोंडच उघडायचो नाही, त्यानेही काम गेलं. आता असं करतो, काय बिघडलंय ते पूर्ण सांगतो, आज फुकटात होईल अशी एक गोष्ट सांगतो, जसा तो बेल्ट, आणि बाकी कसं करायचं ते लेखी, पैसे घेऊन. बघायला पैसे नाहीत, लिहायला आहेत.

रेट. नोकरीतला पगार भागिले ३० करून दिवसाचा रेट काढणारे सहा महिन्यात परत नोकरी शोधतात. समजा पगार ५५ हजार होता. महिन्यात बिल लागेल असे दिवस धरा ११, बाकीचे दिवस फोन, प्रवास, कोटेशन, वसुली यात जातात. ५५ भागिले ११ म्हणजे दिवसाला ५ हजार, त्यावर पीएफ, मेडिक्लेम, आणि रिकामे महिने यासाठी ३०-४० टक्के, म्हणजे ७ हजाराच्या आसपास, पेट्रोल वेगळं. आकडा ऐकून पहिल्यांदा स्वतःचीच जीभ अडखळते, घरी आरशासमोर दोनदा बोलून बघा, मी बघितलंय. आणि चिपळूणहून कुडाळला जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, हायवेबद्दल मी काही बोलत नाही, त्यामुळे एका पट्ट्यात तीन-चार क्लायंट होईपर्यंत लांबचं एकटं काम घेऊ नका, किंवा घेतलंत तर महिन्याच्या एकाच फेरीत दोन दिवस राहून करा.

सुटी व्हिजिट करण्यापेक्षा तीन महिन्यांचं पत्र घ्या. त्यात किती व्हिजिट, फोनवर किती, केमिकल कोण आणणार, लॅबचे पैसे कोणाचे, हे लिहा. आणि एक ओळ नक्की, की बोर्डाच्या कागदांवर सही कंपनीच्या अधिकृत माणसाचीच राहील, तुम्ही फक्त सल्ला देताय. केमिकल डीलर कमिशन देऊ करेल, सगळे देतात. मी घेत नाही, साधू आहे म्हणून नाही, तर ज्या दिवशी मला 'हे पॉली (गाळ गोळा करणारं केमिकल) बदला' असं सांगायचं असतं त्या दिवशी मालकाने डोळे बारीक करून बघू नये म्हणून. आणि एका क्लायंटवर अर्ध्यापेक्षा जास्त कमाई अवलंबून ठेवू नका, माझा एक मोठा क्लायंट प्लांट बंद करून गुजरातला गेला तेव्हा दोन महिने बायकोच्या पगारावर काढले.

लिंक्डइनवर प्रोफाइल असू द्या, महाड-तळोजा-पुण्याच्या एचआरवाल्यांना ते बघायची सवय असते, पण त्यावर जास्त वेळ घालवू नका.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. वर्षाला फी २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, त्यावर गेलात की १८ टक्के लावायचा. एका कंपनीकडून वर्षाला ५० हजारांच्या वर फी झाली की ती १० टक्के टीडीएस कापते, कधी टेक्निकल सर्व्हिस म्हणून २ टक्के, तो रिटर्न भरून परत मिळतो पण तोवर खिशात नसतो हे धरून चला. इंजिनिअरिंग किंवा टेक्निकल कन्सल्टन्सी असेल तर निम्मी फी उत्पन्न धरून रिटर्न भरायची सोय आहे, सीएला विचारा, वह्या-पावत्यांचा व्याप वाचतो. प्रोफेशन टॅक्स वर्षाला २५००.

आणि उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), हे पहिल्या बिलाच्या आधी करा, नंतर नाही. कारण सांगतो. एका कारखान्याने, नाव नको, माझी तीन महिन्यांची ८४ हजारांची बिलं सात महिने लटकवली. अकाउंट्सला फोन केला की साहेब मीटिंगमध्ये, साहेबांना केला की अकाउंट्सला विचारा. गेटवर जाऊन बसलो तर वॉचमन चहा आणून द्यायचा, त्याला माझी दया यायची. मग सीएने सांगितलं की तू उद्यमवाला आहेस ना, २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायला लागतात, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्सचा नियम असा आलाय की छोट्या उद्योगाचे पैसे त्या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्यांचेच सीए मागे लागतात. मी फेब्रुवारीच्या शेवटी एक साधा मेल टाकला, बिल नंबर, तारखा, उद्यम नंबर, आणि १० मार्चपर्यंत न आल्यास समाधान पोर्टलवर (छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) अर्ज करतो असं. भांडण नाही, एक वाकडा शब्द नाही. उत्तर आलं नाही, १० तारीख गेली, ११ ला अर्ज भरला. नऊ दिवसांनी साहेबांचा स्वतःचा फोन, "अहो एवढं कशाला, सांगायचं ना." मुद्दल आलं, व्याज मी सोडलं. आता बिलावरच खाली उद्यम नंबर आणि '४५ दिवस' छापून घेतलंय.

रजिस्ट्रेशन सरकारी पोर्टलवर फुकट होतं, आधार आणि पॅन लागतं, दहा-पंधरा मिनिटं. सर्च केल्यावर वरती दीड-दोन हजार मागणाऱ्या वेबसाइट दिसतात त्या बंद करा, मी पहिल्यांदा भरले होते.